मी संपूर्णपणे वनस्पती असून

मी वीगन झालो तो रागाच्या भरात. लोक मुक्या प्राण्यांच्या प्रेमाने होतात, कोलेस्टेरॉलच्या भीतीने होतात, कुणी एखादा व्हिडिओ पाहून रात्रभर रडतं आणि सकाळी होतं. मी आमच्या सोसायटीचे चेअरमन परचुरे यांच्यामुळे झालो. त्या माणसाने आयुष्यात कुणाला एवढं बदलवलं नसेल, आणि त्याचा हेतूही तसा नव्हता.

गोष्ट हॉलची. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर सोसायटीचा एक हॉल आहे. माझ्या मुलीचं, दीप्तीचं, एप्रिलअखेर लग्न ठरलं होतं. नवरामुलगा प्रज्ञेश लोट्याला एका कंपनीत शिफ्टला असतो. रत्नागिरीत कार्यालयांना तोटा नाही, पण माझी आई जाईबाई हिचं खुब्याचं हाड मोडलेलं. गाडीत बसवली की खड्ड्याखड्ड्याला ओरडते आणि सरकारला ज्या शिव्या देते त्या मी इथे लिहू शकत नाही, पटतात तरी. तिला खुर्चीवर बसवून लिफ्टने खाली आणता येईल अशी जगात एकच जागा होती. दीप्तीने पुण्याहून सांगून टाकलं होतं, "आजी समोर बसलेली नसेल तर मी लग्नच करणार नाही." आणि आजी म्हणत होती, "पोरीचा लगीन मी डोल्यांनी बघीन, मग मना न्या कुठं न्यायचा तिथं."

तेव्हा मी परचुऱ्यांकडे गेलो. परचुरे वाईट माणूस नाही. वाईट असता तर सोपं होतं. बँकेतून निवृत्त, स्वच्छ लेंगा, गोड आवाज. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि भिंतीवरच्या नियमावलीकडे बोट केलं. "हॉल फक्त शुद्ध शाकाहारी कार्यक्रमांसाठी."

म्हटलं, "ठीक आहे. शाकाहारी जेवण देतो."

"जेवण द्याल हो तुम्ही," परचुरे म्हणाले. "प्रश्न जेवणाचा नाही, तांबे. हमीचा आहे. ऐनवेळी पाहुणेमंडळी... आता कसं सांगू... तुमच्याकडची सवय वेगळी."

"आमच्याकडची म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या घरातली हो. दुसरं काही नाही."

दुसरं काही नसतं तेव्हा कुणी 'दुसरं काही नाही' असं म्हणत नाही. मी छप्पन सालच्या दीक्षेआधीच्या गोष्टी ऐकत मोठा झालेला माणूस आहे, मला न बोललेलं चांगलं ऐकू येतं. शिवाय ही इमारत मला ठाऊक आहे. दोन घरं सोडली तर बाकी सगळी बिऱ्हाडं रविवारी सकाळी गेटवर मासेवालीसमोर पिशवी घेऊन उभी असतात. हीच माणसं सभेत हात वर करून हा नियम पास करून बसली. का? तर वरच्याने 'शुद्ध' म्हटलं की खालच्याने मान हलवायची, नाहीतर आपण अशुद्धात मोजले जाऊ. मीही त्या सभेत होतो. त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं म्हणून मी गप्प बसलो. डोकं काय, दुखतच असतं.

"हमी पाहिजे ना?" मी म्हणालो. "मी स्वतःच आजपासून सोडतो."

"शाकाहारी होणार? *तुम्ही*?" परचुरे हसले. चांगल्या मनाने हसले. मला तेच सहन झालं नाही.

"शाकाहारी नव्हे. त्याच्याही वर. वीगन."

हा शब्द माझ्या मुलीचा. पुण्याला गेल्यापासून ती वीगन आहे आणि त्यावरून आमचं दर दिवाळीला भांडण होतं. वीगन म्हणजे मांस, मच्छी, अंडं तर नाहीच, पण दूध नाही, दही नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. जनावराकडून आलेलं काहीच नाही. त्या क्षणी मला एवढंच दिसलं, की परचुऱ्यांच्या शुद्धतेपेक्षा एक पायरी वर जागा रिकामी आहे आणि तिथे उभं राहून त्यांच्याकडे खाली बघता येईल.

"तुमच्या शुद्धात दूध-तूप येतं," मी म्हणालो. "माझ्यात तेही नाही. लग्नापर्यंत पाळून दाखवतो."

दुसऱ्या मजल्यावरचे गुरुप्रसाद मास्तर तिथे पावती फाडायला आले होते. त्यांच्या साक्षीने परचुरे म्हणाले, "पाळलंत तर हॉल तुमचा."

जिना चढताना मला आठवलं, की चहात दूध असतं.

मी दिवसाला किती चहा पितो हे माझं मलाच ठाऊक नाही. घरी येऊन मी बायकोला, करुणाला, सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला.

"राग तुमचा ना?" ती म्हणाली.

"अपमान सगळ्यांचा आहे."

"अपमान सगळ्यांचा, राग तुमचा. मग भाकरी पण तुम्हीच थापा. मी दोन-दोन पातेली घासणार नाही."

अशा रीतीने एका सरकारी वरिष्ठ सहायकाने स्वयंपाकघरात प्रवेश केला. पहिला प्रयोग चहाचा. नारळाच्या दुधाचा चहा केला. वर तेलाचा असा तवंग आला, की तो प्यावा की डोक्याला चोळावा ते कळेना. मग मारुती मंदिराजवळच्या दुकानातून सोयादुधाचा खोका आणला. तो चहात ओतला आणि फाटला. रंगाऱ्याने ब्रश बुचकळलेल्या डब्यात जे दिसतं ते कपात दिसत होतं. शेजारच्या शमिका सावंत वहिनी दारातून म्हणाल्या, "भाऊजी, शेंगदाण्याचं करा." केलं. चटणी पातळ झाल्यासारखं लागलं. शेवटी गवती चहाची पात, आलं, गूळ आणि वरून लिंबू, एवढ्यावर तह झाला. ऑफिसात तो थर्मासमधून नेऊ लागलो तर साहेबांनी विचारलं, "तांबे, काढा? काय झालंय?" म्हटलं, स्वाभिमान झालाय.

दीप्तीला फोन केला तेव्हा ती आनंदाने ओरडलीच. "पप्पा! खरंच?" तिला वाटलं बापाला प्राण्यांचं दुःख कळलं. मी खरं कारण सांगितलं नाही. मुलगी एवढी खूश होते तेव्हा तपशिलात शिरू नये. तिने मला टोफूची कृती पाठवली. टोफू म्हणजे सोयादुधाचं पनीर. मी सोयाबीन भिजवलं, वाटलं, गाळलं, उकळलं. फाडायला लिंबू घालायचं होतं, लिंबू संपलेलं. घरात कोकमाचं आगळ होतं, आंबट ते आंबट म्हणून तेच ओतलं. फाटलं झकास. फडक्यात बांधून वर पाटा ठेवला. सकाळी घट्ट, चौकोनी, सुंदर गुलाबी वडी तयार. मी आंघोळीला गेलो आणि परत येतो तर आई मोरीशेजारच्या खुर्चीवर बसून त्या वडीने हात धूत होती.

"दत्ता, कुठला साबन आणलास रे? फेसच येत नाय."

मला राग येणार होता, पण आई फेस काढायच्या जिद्दीने चोळत होती.

माझं खरं पोट भरलं ते दुसऱ्याच गोष्टींनी. कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं, फणसाची भाजी, भिजवलेल्या काजूगरांची उसळ, घावणे आणि गूळ घातलेला नारळाचा रस. यात कुठे दूध नाही, तूप नाही, आणि चवीला काडीची कमी नाही. दोनेक आठवड्यांनी तर सकाळी पोट हलकं वाटायला लागलं आणि ऑफिसच्या जिन्यात धाप लागेनाशी झाली. मी एका संध्याकाळी आईला समजावून सांगितलं, की हल्ली शहरातले मोठमोठे लोक डॉक्टरला विचारून असं जेवतात, याला वनस्पतिजन्य आहार म्हणतात.

आई भाकरी कुस्करत होती. "पिठी-भाकरी?"

"हो."

"आमी तं जल्मभर ह्याच खाल्ला. तवा कोनी काय नाव ठेवलान नाय." मग जरा थांबून, "नावा आमालाच ठेवलान."

ती पुढे जेवायला लागली. मी तिच्या ताटात आणखी पिठी वाढली.

आता आमची मासेवाली हौसा. मिरकरवाडा बंदरावरून स्कूटीवर मागे टोप बांधून येते. मी तिचं पहिलं गिऱ्हाईक. दोन रविवार मी गेटवर गेलो नाही, तिसऱ्या रविवारी ती घरी आली. दारातच पदर खोचून उभी.

"भाऊ, मच्छी शिली लागली काय? तसा तोंडावर सांगा. दुसरी कोन येते ती कोन?"

"कोणी येत नाही. मी सोडली."

"सोडली?" तिने करुणाकडे पाहिलं. "वैनी, आजार काय? घाबरू नका, माज्या मामेभावाला पन झालेला."

मी सगळं समजावलं. दूध, तूप, मध. ती ऐकत गेली तसतशी तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल दया जमत गेली. शेवटी ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "मग कालवा खा. कालवा चालतील."

"कालवं म्हणजे शिंपल्यातला जीवच ना गं?"

"कसला जीव? दगडाला धरून असतात. हालत नाय, पलत नाय, कोयतीन उकरून काडायला लागतात. मासा पलतो, कुर्ली पलते. कालव पलतो काय? झाडच ता. दगडाला लागलेला झाड."

 त्यात तर्काची चूक मला पटकन सापडेना. करुणा म्हणाली, "घ्या वाटाभर." मी नाही म्हणालो. पण एवढं सांगतो, त्या दिवसापासून जेव्हा जेव्हा मला फार भूक लागली तेव्हा हौसाचं वनस्पतिशास्त्र आठवलं.

सल्ला देणाऱ्यांची तर रांग लागली. एक जण म्हणाला दात पडतील. दुसरा म्हणाला स्मरणशक्ती जाईल, आणि तेच परवा पुन्हा येऊन सांगून गेला. दीप्तीच्या सांगण्यावरून मी बी-ट्वेल्व्हची गोळी सुरू केली, ती एवढी खरी गरज होती. बाकी सगळं लोकांच्या तोंडची वाफ. त्या वाफेचेही दोन प्रकार. सोसायटीतले काही लोक पाठीवर थाप मारायचे, "वा तांबे! छान केलंत. सुधारलात." सुधारलात! म्हणजे आधी बिघडलेलो होतो. मी पोरीला इंजिनियर केली, लेख लिहिले, कधी लाच घेतली नाही, तेव्हा कुणाला सुधारणा दिसली नाही. बांगडा सोडला तेव्हा दिसली. आणि विहारात गेलो तर आमचे लोक. रविवारच्या वंदनेनंतर खीर वाटली, मी नको म्हटलं, तर एक जुना कार्यकर्ता सगळ्यांच्या देखत म्हणाला, "का रे दत्ताराम? आता सोवळ्यात गेलास काय? आमच्या हातचं चालत नाही?"

"दूध आहे तिच्यात."

"मग काय झालं? परचुरे पितो ना दूध?"

त्याच आठवड्यात सोसायटीत सत्यनारायण झाला, मी तुपातला शिरा घेतला नाही, तर तिथे कुजबुज, "ह्यांच्यात आपला प्रसाद घेत नाहीत ना, म्हणून." एकाच आठवड्यात, एकाच गायीपायी, मी इकडे भट ठरलो आणि तिकडे कट्टर. माणसाने काय खाल्लं नाही यावरून त्याचा धर्म शोधून काढायची या देशाला इतकी घाई आहे, की त्याचं पोट भरलं की नाही हे विचारायला कुणाला वेळ नाही.

तरी सगळं ठीक चाललं होतं. नाश मी स्वतः ओढवला. त्याचं असं झालं, की एका दुपारी जेवायला वांग्याची भाजी होती आणि ती अप्रतिम झाली होती. मी सकाळी वांगी चिरून ठेवून ऑफिसला गेलो होतो, फोडणी करुणाने दिली असावी असं मला वाटलं. मी बोटं चाटली. मला वाटलं, हे लोकांना कळलं पाहिजे. मी ताटाचा फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "वीगन वांगं. जिभेचे चोचले पुरवायला जीव घ्यावा लागत नाही." मला ते वाक्य फार आवडलं होतं.

अंगठे आले. हात जोडलेले आले. मग गुरुप्रसाद मास्तरांचा संदेश आला. ते विज्ञान शिकवतात. त्यांनी माझाच फोटो मोठा करून टाकला होता आणि वर एक बाण काढला होता.

"तांबेसाहेब, वांग्याला डोळे कसे?"

मी ताटाकडे पाहिलं. काळे, बारीक, टाचणीच्या डोक्याएवढे. जोडीजोडीने. जवळा होता. मूठभर सुका जवळा, म्हणजे नखाएवढी वाळवलेली कोळंबी.

ओट्याजवळ आईची खुर्ची ओढलेली होती. मी तिच्या खोलीत गेलो. "आई, वांग्यात जवळा टाकलास?"

"मग? नुस्ता वांगा कसा खाशील? किती सुकलायस बघ."

"आई, मी मच्छी सोडलीय!"

"मच्छी कुठाय?" आई खरोखरच चकित झाली. "जवला हाय ता."

ती खोटं बोलत नव्हती. आमच्याकडे जवळा हा मासा नाही, तो मीठ-मसाल्याच्या रांगेतला आहे. आपण मासे खात नाही असं सांगणाऱ्या कितीतरी घरांत तो डब्यात असतो. पण हे मी ग्रुपवर कसं लिहिणार? मी लिहिलं, "मसाला आहे." गुरुप्रसादांनी लिहिलं, "मसाल्याला मिशा पण दिसतायत." त्यानंतर हसणाऱ्या तोंडांचा असा पूर आला, की फोन हातात थरथरत होता.

रात्री परचुऱ्यांचा फोन. आवाज तसाच गोड. "तांबे, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण कमिटीतले म्हणतात, लेखी असलेलं बरं. स्टँप पेपरवर एक प्रतिज्ञापत्र द्या. सर्वसाधारण सभेत ठेवू. सभेने मान्य केलं की हॉल तुमचा."

मी आयुष्यभर दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं तपासली आहेत. मी काय खातो याचं प्रतिज्ञापत्र देताना मला कचेरीबाहेरच्या झाडाखाली उभं राहून जे वाटलं ते मी इथे लिहीत नाही. आईची खुर्ची डोळ्यापुढे आणली आणि टायपिस्टसमोर बसलो. 'वीगन' शब्दातली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ यावरून माझा आणि नोटरीचा वाद पेटला. ते म्हणत असा शब्दच कायद्यात नाही, 'वनस्पतिजन्य आहार घेणारा' असं लिहा. मी म्हटलं लिहा. वाद एवढा रंगला, की टायपिस्टने मधल्या मधे कागद काढला, शिक्का बसला आणि मी तावातावाने सही करून निघालो. दुसऱ्याचा कागद मी कधी न वाचता पुढे पाठवलेला नाही. स्वतःचा पाठवला.

सभा हॉलमध्येच होती. आई म्हणाली, मना पन न्या, जागा बघते. तिला खुर्चीत बसवून लिफ्टने आणली आणि भिंतीला लावून ठेवली. सगळी इमारत हजर. परचुऱ्यांनी चष्मा लावला आणि खणखणीत वाचायला सुरुवात केली.

"मी, श्री. दत्ताराम तांबे, धंदा नोकरी, राहणार नाचणे, रत्नागिरी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, मी संपूर्णपणे वनस्पती असून..."

ते थांबले. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

"...वनस्पती असून, माझ्यापासून सोसायटीस कोणताही उपद्रव होणार नाही."

टायपिस्टने 'वनस्पती'च्या पुढचं 'जन्य आहार घेणारा' गाळलं होतं. शिक्का मात्र स्वच्छ उमटलेला.

हसण्याचा जो आवाज झाला तो मी अजून विसरलो नाही. शमिका वहिनी तोंडात पदर कोंबून वाकल्या. मास्तर म्हणाले, "तांबेसाहेब, पाणी घालू?" परचुरेही हसले, आणि हसता हसता म्हणाले, "मंडळी, शांत. पण तांबे, हे असं चालणार नाही. परत करून आणा. पुढच्या सभेला ठेवू."

पुढची सभा जूनमध्ये. लग्न एप्रिलात. आई भिंतीजवळून माझ्याकडे बघत होती. तिला कागदाचं कळलं नव्हतं, लोक तिच्या मुलाला हसतायत एवढं कळलं होतं.

मी उभा राहिलो. "मी वनस्पती आहे," मी म्हणालो. "शिक्क्यासकट आहे. आणि झाड जागेवरून हलत नाही, तेव्हा मीही इथून हलणार नाही. सभा चालू आहे तर एक प्रश्न. नियमात 'शुद्ध शाकाहारी' आहे. शुद्ध म्हणजे काय?"

"म्हणजे मांस-मच्छी नाही," परचुरे म्हणाले.

"ते शाकाहारी झालं. शुद्ध म्हणजे काय? दूध झाडाला लागतं?"

"दूध शाकाहारीच असतं, तांबे. परंपरेने."

"गाय शाकाहारी आहे. दूध गायीतून येतं. तुमच्या गणपतीला याच हॉलमध्ये पंचामृत होतं. दूध, दही, तूप, मध, साखर. पाचातली साखर तेवढी माझ्या शुद्धात बसते. मला हॉल द्यायला सभा जर जूनपर्यंत शुद्धतेचा विचार करणार असेल, तर तो शेवटपर्यंत करू. माझा ठराव लिहून घ्या. हॉलमध्ये जनावरापासून आलेला कोणताही पदार्थ येणार नाही. तूप नाही, पेढे नाहीत. सभेनंतरचा हा चहाही नाही."

चहाच्या किटलीकडे सगळ्यांच्या माना वळल्या.

"अहो, केक?" शमिका वहिनी उभ्या राहिल्या. "ऋत्विकचा वाढदिवस आहे पुढच्या महिन्यात!"

"केकात अंडं असतं वहिनी. तो आजच्या नियमातही बसत नाही. आजवर कुणी प्रतिज्ञापत्र मागितलं नाही एवढंच."

वहिनी खाली बसल्या. आणि मागून कुणीतरी, अगदी प्रामाणिकपणे, विचारलं, "आणि कालवं?"

"कालवांचं काय?"

"नाही, ती हौसा म्हणत होती झाडात धरतात म्हणून."

इथून सभा चेअरमनच्या हातातून गेली. एक म्हणाला, धरतातच. दुसरा म्हणाला, छे, त्याला आत पोट असतं, मी साफ करतो ना दर वेळी. तिसऱ्याने खाडीचं कालव आणि समुद्राचं कालव यातला फरक सांगितला. मास्तरांनी मृदुकाय प्राण्यांवर बोलायला सुरुवात केली, त्यांना बसवून कुणी तरी सुक्या कालवांत कांदा किती घालावा ते सांगू लागलं. शुद्ध शाकाहाराचा ठराव एकमताने केलेल्या त्या सभेचं कालवांचं ज्ञान ऐकून परचुरे खुर्चीत हळूहळू खाली सरकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. इतकी वर्षं ज्या घरात राहतोय त्याच्या भिंती आज पहिल्यांदा पाहिल्यासारखा चेहरा होता.

शेवटी ते उठले. "हा नियम काढून टाकू," ते म्हणाले. "हॉल वापरणाऱ्याने हॉल धुऊन द्यावा, एवढंच ठेवू."

सगळे हात वर गेले. न्याय म्हणून एकही गेला नाही. केक, पंचामृत आणि चहा वाचवायला गेले. मला चाललं. न्यायाची वाट बघत बसलो असतो तर आईला कुठल्या वर्षी खाली आणली असती?

वर येऊन मी दीप्तीला फोन लावला. "हॉल मिळाला! बिनशर्त! आता मटण लावतो. प्रज्ञेशकडच्यांना कळव, भरपूर मटण!"

"पप्पा, जेवण वीगनच ठेवायचंय."

"अगं मी मटणासाठी लढलो!"

"लढलात ना? जिंकलात ना? मग आता गप जेवा. लग्न माझं आहे. प्रज्ञेशला पण चालतंय."

करुणा स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

लग्न झालं. आचारी बाबल्या तुपाशिवाय भात वाढायचा या कल्पनेनेच दोन दिवस रुसला होता, "मालक, मी गावात तोंड कसा दाखवू?" त्याच्या शेजारी उभा राहून मी स्वतः नारळाचा रस काढला. ओल्या काजूगरांची उसळ, फणसाची भाजी, कुळथाची पिठी, सोलकढी, बिनदुधाचा आमरस, आणि रसात बुडवलेले घावणे. त्रिसरण झालं, फुलं पडली. आई पहिल्या रांगेत खुर्चीत, नव्या लुगड्यात, आणि पोरीने पहिला वाकून नमस्कार केला तो तिलाच. ते मी नीट पाहिलं. बाकीचं डोळ्यांत काहीतरी गेल्यामुळे नीट दिसलं नाही.

पंगतीत परचुरे आले. मी बोलावलं होतं, ते येतील असं वाटलं नव्हतं. आईच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिथेच बसले. वरणभात वाढला, ते ताटाकडे बघत राहिले आणि मग मला खुणेने जवळ बोलावून हळूच म्हणाले, "तांबे, जरा... चमचाभर तूप मिळेल का?"

या क्षणासाठी मी जानेवारीपासून बिनदुधाचा चहा प्यायलो होतो.

"हॉलमध्ये चालत नाही," मी म्हणालो. "नियम आहे."

"नियम तर आपण काढला ना?"

"तुमचा काढला. हा पोरीचा आहे."

परचुऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाबल्याने भातावर घट्ट नारळाचा रस ओतला, तो त्यांनी कालवला आणि खाल्ला. आई मात्र त्यांच्याकडे केव्हाची बघत होती. ती त्यांच्या बाजूला कलली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाली,

"तुमाला तूप नाय, मना मच्छी नाय. काय दिवस आनलान पोरानी, बघा."

"खरं आहे, आजी," परचुरे म्हणाले.

आणि दोघांनी पुन्हा भात मागितला.